बार कुठल्या भोकात? त्याआधी गाडीखाली शिरा

प्रश्न थोडक्यात असा. गाडी २००१ ची माझदा मियाता, म्हणजे दोन सीटची छोटी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार, एनबी म्हणजे दुसऱ्या पिढीची, १.८ लिटरची. आधीच्या मालकानं आखूड स्प्रिंगा टाकून ती खाली बसवलेली, आणि पुढे-मागे दोन्हीकडे जाड, तीन-तीन भोकांचे ॲडजस्टेबल अँटी-रोल बार लावलेले. तुम्ही ती रोज कामावर नेता आणि रविवारी पार्किंग लॉटमध्ये कोन मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसला. तक्रारी तीन: वळणात शिरताना नाक बाहेर ओढतं, वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर सोडला तर कधीकधी शेपूट एकदम सुटतं, आणि वळणातून बाहेर पडताना मागचं आतलं चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. विचारलंय, "बार कुठल्या भोकात लावू?"

एका ओळीतलं उत्तर हवं असेल तर मागचा बार सगळ्यात मऊ भोकात, म्हणजे टोकाकडच्या भोकात न्या. किंवा एक रविवार त्याच्या दोन्ही लिंक (बाराची टोकं चाकाच्या आर्मला जोडणारे छोटे दांडे) सोडवून, बार वर बांधून, त्याच्याशिवायच पळवून बघा. पण एवढ्यावर थांबलात तर तीनातली एकच तक्रार सुटेल. कारण माझ्या मते या तीन तक्रारींचे तीन वेगवेगळे धनी आहेत आणि बार त्यातला फक्त एक.

मी कोल्हापूरचा. मामाच्या गॅरेजमध्ये पाने पुसत वाढलो, आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये सस्पेन्शन जुळवण्याचंच काम करतो. गावाकडे याला स्टॅबिलायझर म्हणायचे आणि ग्राहकाची तक्रार एकच असायची, "खडखड वाजतंय." लिंक रॉड बदलला की विषय संपला. त्यामुळे बार ही काय चीज आहे ते मलाही उशिरा कळलं, आणि कळायच्या आधी मी स्वतःच्या गाडीची जी वाट लावली ती पुढे सांगतो.

बार म्हणजे मधून पीळ खाणारी एक स्प्रिंग. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, काही करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की तिला पीळ पडतो आणि ती गाडीचं अंग टाकणं अडवते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोळ पुढे होतो. अंग कमी टाकलं म्हणजे वजन कमी सरकलं, असं वाटतं. तसं नाही. तुमची गाडी चालकासकट ११५० किलो धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८ सेंटिमीटरवर, दोन चाकांमधलं अंतर १.४२ मीटर. ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट, इतक्या जोरानं वळलात तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३५० किलो सरकणारच. बार जाड करा, बारीक करा, काढून फेका. हा आकडा जवळपास तोच राहतो. बार ठरवतो ते इतकंच, की या ३५० किलोंतले किती पुढच्या जोडीनं सोसायचे आणि किती मागच्या.

आणि टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत वजन जास्त असमान वाटलं जातं त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार कडक केला की पुढची पकड जाते, मागचा कडक केला की मागची. बार स्वतःच्या टोकाला पकड देत नाही, तो ती घालवतो. दुसऱ्या टोकाला फायदा होतो तो फक्त तुलनेनं. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर भोकं बदलण्यात अख्खा उन्हाळा जातो.

आता तुमचं आतलं चाक का फिरतं ते त्याच हिशोबात बघा. वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं धरलं तर प्रत्येक चाकावर उभ्या गाडीत साधारण २८७ किलो. मागच्या कडक बारामुळे ३५० पैकी २१० किलो मागच्या जोडीनं उचलले, तर मागच्या आतल्या चाकावर उरले ७७. बार आणखी कडक करून २४० केले तर ४७. एवढ्याशा वजनावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ते चाक फिरणारच. साधा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारी गिअरांची पेटी) असेल तर सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकातून वाहून जातो. टॉर्सन, म्हणजे फिरणारं चाक आवरणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, असला तरी फार आशा ठेवू नका. तो हलक्या चाकाच्या पकडीला काही पटीनं गुणून दुसऱ्या चाकाला देतो, आणि गुणायला मुळात काहीच नसेल तर हाती काय येणार? मागचा बार मऊ केल्यावर ही तक्रार बरीचशी जाईल, हे मी डोळे मिटून सांगतो.

इथे एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एससीसीए या अमेरिकेतल्या हौशी शर्यतींच्या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट नावाच्या वर्गात कंपनीच्याच स्प्रिंगा ठेवाव्या लागतात आणि पुढचा किंवा मागचा असा एकच बार बदलायची मुभा असते. तिथले मियातावाले बहुतेक पुढचाच जाड करतात. वर लिहिलेल्या हिशोबानं हे उलटं वाटेल, कारण नाक आणखी ओढायला हवं. ओढतंही थोडं. पण कंपनीची मियाता भरपूर अंग टाकते, तिची मागची बाजू मुळात खेळकर असते, आणि कोनांच्या रांगेतून डावी-उजवी करताना गाडी किती पटकन कूस बदलते यावर सेकंदाचे तुकडे ठरतात. पुढचा बार गाडीला ताठ ठेवतो आणि मागचं आतलं चाक जमिनीवर राहतं, म्हणून चालक लवकर ॲक्सिलरेटर देऊ शकतो. शिवाय अंग कमी टाकल्यानं बाहेरच्या टायरचा कॅम्बर, म्हणजे वरची कड आत-बाहेर झुकण्याचा कोन, कमी बिघडतो. मॅकफर्सन स्ट्रट (खाली एक आर्म, वर शॉकअपचाच आधार) असलेल्या गाड्यांत तर हा फायदा कधीकधी इतका मोठा असतो की पुढचा बार कडक केल्यावर पुढची पकड चक्क वाढल्यासारखी वाटते. मियाताला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन (वर एक आणि खाली एक आर्म) आहेत, त्यामुळे तिथं हा फायदा थोडा कमी, पण असतो. जुन्या पोर्श ९११ चे शर्यतीतले फोटो आठवा, पुढचं आतलं चाक हवेत. इंजिन मागे टांगलेलं, म्हणून मागच्या टायरांना जपायचं आणि सरकणारं वजन होईल तितकं पुढच्या जोडीच्या माथी मारायचं. तो फोटो म्हणजे वरचं सगळं गणितच आहे.

भोकांबद्दल एकदाच, नीट. बाराचा कडकपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १९ मिमीच्या जागी २२ मिमी टाकला तर बोटाला फरक जाणवत नाही, पण बार सुमारे १.८ पट कडक होतो. २४ चा टाकला तर अडीच पट. पोकळ बार कमजोर असतो हा गैरसमज. २५ मिमी बाहेरून आणि १७ मिमी आतून असा पोकळ बार घेतला तर वजन ४६ टक्के उतरतं आणि कडकपणा फक्त २१ टक्के. भोकांचं गणित बाराच्या हाताच्या, म्हणजे वळवलेल्या टोकाच्या, लांबीच्या वर्गावर उलटं चालतं. भोकं २००, २२० आणि २४० मिमीवर असतील तर टोकाच्या भोकापेक्षा मधलं १९ टक्के कडक आणि सगळ्यात आतलं ४४ टक्के. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण बाराचे हात वाकतात आणि बुशही (जोडांतले रबरी तुकडे) दबतात. डावीकडे एक भोक आणि उजवीकडे शेजारचं, असं लावलेलं चालतं का, असा प्रश्न पुढे येईलच. चालतं. बार एकच आहे, त्याचा पीळ दोन्ही बाजूंना मिळून ठरतो. तीन भोकांत पाच सेटिंगं मिळतात, फुकट. फक्त लिंक बाराच्या हाताशी काटकोनाच्या जवळ राहते ना आणि पूर्ण वर-खाली होताना कुठे अडकत नाही ना, ते बघा.

आता माझी चूक. माझ्या पहिल्या मियातावर मी ॲडजस्टेबल लिंक लावल्या, घराच्या ड्राइव्हवेमध्ये, संध्याकाळी, घाईत. ड्राइव्हवेला उतार. गाडी जॅकवर, एक बाजू जरा वर. नट कसले, हात धुतले. त्या मोसमात गाडी डावीकडे वळताना नाक ओढायची आणि उजवीकडे वळताना शेपूट टाकायची. मी आधी टायरांना दोष दिला, दोन नवे घेतले. मग अलाइनमेंटवाल्याशी वाद घातला, आणि तो बिचारा बरोबर होता. खरं कारण हे, की लिंकांची लांबी चुकल्यामुळे सपाट रस्त्यावर सरळ उभ्या गाडीतही बाराला पीळ बसलेला होता. खाटेच्या एका पायाखाली वीट सरकवली की वजन तिरप्या दोन पायांवर जातं, तसं माझ्या गाडीचं वजन एका कर्णावर गेलं होतं. अर्धा मोसम आणि दोन टायर गेल्यावर हे कळलं.

म्हणून तुम्ही असं करा. गाडी खरोखर सपाट जागेवर, चारही चाकांवर. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवा. वाळूच्या पिशव्या, डम्बेल, किंवा शेजाऱ्याला चहाचं आमिष दाखवून बसवा. गाडी पुढे-मागे ढकलून, दाबून, सस्पेन्शन बसू द्या. एका बाजूची लिंक जोडलेली, दुसऱ्या बाजूचा बोल्ट आता नुसत्या बोटांनी आत सरकला पाहिजे. हातोडी किंवा पाना लागत असेल तर पीळ आहे. लिंकची लांबी फिरवून तो काढा. आधीच्या मालकानं हे केलं असेल यावर मी एक डॉलर लावणार नाही.

गाडीखाली शिरलाच आहात तर बुश बघा. ही गाडी पाव शतक जुनी आहे. मागच्या आर्मचे रबरी बुश मेले असतील तर ॲक्सिलरेटर सोडताक्षणी किंवा ब्रेक लावताना मागची चाकं स्वतःच टो-आउट होतात, म्हणजे पुढच्या कडेनं एकमेकांपासून लांब जातात. त्याच क्षणी वजन पुढे सरकून मागची बाजू हलकी झालेली असते. वर कडक मागचा बार. तुमची दुसरी तक्रार, शेपूट "कधीकधी" सुटणं, मला या त्रिकुटाची वाटते, आणि त्यातही "कधीकधी" हा शब्द मला बुशांकडे नेतो. बाराचा दोष दर वेळी सारखा दिसला असता. लांब पहार घेऊन प्रत्येक जोड हलवून बघा, रबर चिरलंय का ते टॉर्चनं बघा. नवे बुश घातलेत तर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसा. चाकं लटकत असताना कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडीची उंची बिघडते आणि बुश वर्षभरात फाटतात. चांगल्या चांगल्या गॅरेजांत हे चुकीचं होताना मी पाहिलंय.

पहिली तक्रार, शिरताना नाक ओढणं. यात माझा पहिला संशय बारावर नाहीच, बम्प स्टॉपवर, म्हणजे शॉकअपची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर आहे. मियाताला मुळातच सस्पेन्शनची चाल थोडी. आखूड स्प्रिंगांनी उरलेलीतली बरीच खाल्ली. ब्रेक लावत वळणात शिरता तेव्हा पुढचं बाहेरचं चाक दोन्हीकडून दाबलं जातं, एकदा ब्रेकनं, एकदा वळणानं, आणि शॉकअप बम्प स्टॉपवर जाऊन बसतो. त्या क्षणी पुढची स्प्रिंग अचानक कित्येक पट कडक होते. जणू कोणी वळणाच्या तोंडाशीच पुढे दांडगा बार लावला. मग वरच्याच हिशोबानं पुढची पकड जाते. तपासायला सोपं आहे. शॉकअपच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधा, खाली सरकवून ठेवा, एक फेरी मारा आणि टाय कुठे सरकून थांबला ते बघा. बम्प स्टॉपमध्ये घुसलेला दिसला तर बार विसरा. गाडी वर उचला, बरोबर चालीचे शॉकअप आणि त्यांना जुळणारे बुटके, मऊ बम्प स्टॉप घ्या, किंवा सरळ जास्त कडक पण जास्त लांब स्प्रिंगा घ्या. गाडी जमिनीला चिकटलेली दिसावी या हौसेपायी मियाताचं जितकं नुकसान झालंय तितकं गंजानंही केलं नसेल.

टाय बम्प स्टॉपपर्यंत गेलाच नाही तर मग अलाइनमेंट. एनबीला चारही खालच्या आर्मना फिरवायचे कॅम बोल्ट असतात, पुढे कॅम्बर, मागे कॅम्बर आणि टो दोन्ही मिळतं (पुढचा टो स्टिअरिंगच्या टाय रॉडवर जुळतो), फक्त ते बोल्ट इतक्या वर्षांत गंजून बसलेले नसले तर. ऑटोक्रॉस आणि रोजचा रस्ता दोन्ही सांभाळायचं असेल तर मी पुढे कॅम्बर मायनस दोन (वरची कड आत) अंशांच्या आसपास, मागे त्याहून अर्धा अंश कमी, पुढे शून्य किंवा एकूण दीड मिमी टो-आउट, मागे एकूण तीन मिमी टो-इन यापासून सुरुवात करतो. पुढचा किंचित टो-आउट गाडीला वळणात शिरायची घाई देतो, मागचा टो-इन शेपूट शांत ठेवतो. मागे टो-आउट चुकूनही ठेवू नका. रविवारी एखादी फेरी जलद जाईल आणि सोमवारी पावसात घरी येताना रस्त्यावर उलटं तोंड होईल.

हवा हे सगळ्यात स्वस्त हत्यार. शाळेत पीटीच्या कॅनव्हास बुटांना लावायचो ते पांढरं पॉलिश आठवतंय? इथेही लोक तेच घेऊन येतात, काचेवर नंबर लिहायला आणि टायरच्या खांद्यावर पट्टा ओढायला. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण कोरलेला असतो, पट्टा त्याच्यावरून ओढा. फेरीनंतर पॉलिश त्रिकोणाच्या खालपर्यंत घासलं गेलं तर हवा कमी किंवा कॅम्बर कमी. त्रिकोणाच्या बऱ्याच वर राहिलं तर हवा जास्त. एकाच टोकाला दोन पीएसआय बदलून बघा, तोल सरकलेला कळतो. शेव्हरलेनं १९६० ची कॉर्वेअर काढली तेव्हा मागे इंजिन, मागे स्विंग ॲक्सल (चाक वर-खाली होताना त्याचा कल फार बदलतो अशी मांडणी), आणि पुढचा बार दिलाच नाही; तोल सांभाळायची जबाबदारी थंड टायरांतल्या हवेवर टाकली, पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. पेट्रोल पंपावर चारही टायर सारखे भरले की संपलं. पुढचा बार कंपनीनं सरसकट द्यायला १९६४ साल उजाडलं. हवेनं तोल जुळतो, पण हवा दर आठवड्याला बदलते. बार बदलत नाही, म्हणून त्याची किंमत.

शॉकअपबद्दल थोडक्यात. गोल फिरत राहिलेल्या गाडीचा तोल शॉकअप बदलू शकत नाही, कारण तो हालचालीच्या वेगाला विरोध करतो आणि गोलात हालचाल थांबलेली असते. तो बदलतो ते शिरणं, सुटणं, कूस बदलणं. म्हणून आधी गोल. मोकळ्या लॉटमध्ये परवानगी काढून १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि हळूहळू वेग वाढवत फिरा. एक फेरी आठ सेकंदांत बसली तर वेग सुमारे ४२ किमी आणि पकड ०.९४ जी. दोन्ही दिशांना वेळ घ्या. डावी-उजवीत स्पष्ट फरक आला तर बाराचा पीळ किंवा कोपऱ्यांची वजनं. गोलात नाक ओढलं तर स्प्रिंग, बार, हवा. गोलात गाडी छान आणि फक्त शिरताना ओढते, तर बम्प स्टॉप, टो, शॉकअप किंवा तुमचा पाय. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. नवशिका ब्रेक सरळ रेषेत पूर्ण सोडतो आणि मग स्टिअरिंग फिरवतो. तोवर पुढच्या टायरांवरचं वजन परत मागे गेलेलं असतं. ब्रेक थोडा धरून ठेवत वळा, निम्मं नाक ओढणं तिथेच गेलेलं मी पाहिलंय, एकही पाना न लावता.

तर येत्या रविवारच्या आधी बुश आणि लिंकांचा पीळ. रविवारी सकाळी मागचा बार टोकाच्या भोकात, पुढचा मधल्या, झिप टाय बांधलेले, टायरांना पॉलिश. दर फेरीला एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा, हवेसकट आणि ऊन-सावलीसकट. दुपारच्या तापलेल्या डांबरावरची गाडी सकाळचीच नसते. एका बदलानं काही कळलं नाही तर तो परत फिरवा आणि मग दुसरा करा. मागचा बार मऊ करूनही चाक फिरत असेल तर तो सोडवून पळवा. लिंक काढल्यावर बार हाफशाफ्टला (मागच्या चाकाला जोर पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याला) लागणार नाही असा घट्ट बांधा.

बाराचे बुश पॉलियुरेथेनचे असतील तर आतून सिलिकॉन ग्रीस भरा, साधं पेट्रोलियमचं नको, आणि क्लॅम्पचे बोल्ट शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा कसून घ्या. तरी थंडीत ते चिंचिं करतीलच. माझी गाडी जानेवारीत गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की बायको आतून चहाचं आधण ठेवते.